मुदतीत हरकत न आल्यास

४ सप्टेंबर

पोचलो एकदाचे! सामान तिसऱ्या मजल्यावर चढलं, एक बरणी सोडली तर काही फुटलं नाही, आणि हमालांपेक्षा बाबांचाच आवाज जास्त होता. जन्मभर बसमध्ये कंडक्टरकी केलेला माणूस, कपाटालासुद्धा ‘पुढे चला, पुढे चला’ म्हणतो. हमाल हसून हसून बेजार. त्यातल्या एकानं मला विचारलं, काकांना घंटी आणून देऊ का.

घर झकास आहे. दोन खोल्या, ओटा माझ्या उंचीचा (हे आयुष्यात पहिल्यांदाच), आणि स्वयंपाकघराच्या खिडकीतून समोरच्या धुलाई कारखान्याचं धुराडं दिसतं. हवेत सदा साबणाचा वास. बाबा म्हणाले, इथं अंघोळ बुडवली तरी कुणाला कळायचं नाही. तळमजल्यावर डॉक्टरांचा दवाखाना आणि कोपऱ्यावर वाण्याचं दुकान. आई गेल्यापासून आम्ही दोघंच. मला नवरा नाही, त्यांना बायको नाही, भांडायला एकमेकांना पुरतो.

कारखान्यात शहरातल्या सगळ्या इस्पितळांचे कपडे धुतात. आजवर कारभार माणसांच्या डोक्यात होता, आता तो कॉम्प्युटरवर आणायचा. त्यासाठी मला धाडलंय. बाबांनी विचारलं, म्हणजे तू नक्की करणार काय. मी म्हटलं, शिंप्याचं काम. आधी माप घ्यायचं, मग कापड पुरेल का बघायचं, मग खडूनं आखायचं, मग कापून शिवायचं, मग घालून बघायचं, मग अंगावर चढवायचं. आणि त्यानंतर जन्मभर उसवलेलं सांधत बसायचं. त्या शेवटच्या टप्प्याला आमच्यात देखभाल म्हणतात. बाबा म्हणाले, ती तर मी तुझी चाळीस वर्षं करतोय, साहेबीण.

११ सप्टेंबर

माप घेणं चालू आहे. युक्ती सोपी. माणसाच्या शेजारी जाऊन बसायचं, काय करतोस ते विचारायचं, आणि तो थांबला की म्हणायचं, मग पुढे? तो म्हणतो, पुढे काही नाही. आपण जागचं हलायचं नाही. मग तो खरं सांगायला लागतो.

आज निवडणाऱ्या मावशींजवळ बसले. त्यांच्यासमोर मळक्या चादरींचा डोंगर येऊन पडतो आणि त्या एकेक उचलून डागाप्रमाणे वेगळी टाकतात. रक्ताला थंड पाणी, चुकून गरम घातलं की डाग जन्माचा बसला. औषधाचा पिवळा डाग वेगळा, गंजाचा वेगळा. कसं ओळखता विचारलं तर म्हणाल्या, कळतं बाई, आता काय सांगू. मग पुढे? मग बोटानं चोळून बघते. मग पुढे? दुपारपर्यंत त्यांनी इतकं सांगितलं की त्यांचं त्यांनाच नवल वाटलं. घरात मला कुणी एवढं बोलू दिलं असतं तर मी सुनेच्या डोक्यावर बसले नसते, असं म्हणून खो खो हसल्या.

१९ सप्टेंबर

बॉयलरकाका म्हणजे मुलखाचे घुमे. पण ‘मग पुढे’पुढे भल्याभल्यांची डाळ शिजत नाही. काका वाफेचा दाब काट्यावर बघतातच, पण विश्वास कानावर. आवाज जाड झाला की लाल चाकाची झडप किंचित सैल करायची, किंचित म्हणजे मनगट वळेल तेवढीच. हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही, म्हणाले.

कारखान्याच्या मालकीणबाईंना नमुना हवा होता, सगळं सांगून झाल्यावर कागदावर कसं दिसेल त्याचा. आमच्या धंद्यातला पहिला धडा असा की नमुन्यात खरं माणूस घालायचं नाही, खोटंच कुणीतरी रचायचं. मला कंटाळा आला. बाबा समोरच पेपर वाचत बसले होते, त्यांनाच धरलं. विषय दिला, दुकानातून पाव आणि दूध घेऊन घरी येणे. बाबांनी असं रंगवून सांगितलं की बस! कुठल्या पायरीवर पिशवी या हातातून त्या हातात घ्यायची, कुठल्या खिडकीतली बाई हसते, आपलं दार वासावरून कसं ओळखायचं. मी ते जसंच्या तसं नमुना म्हणून चिकटवलं.

३ ऑक्टोबर

कापड पुरतंय असं ठरलं. मालकीणबाई बेहद्द खूश. त्यांनी एकच विचारलं, हे सगळं झाल्यावर ही माणसं मला लागतील का? मी म्हटलं, माणसं लागतातच, कॉम्प्युटर फक्त मदत करतो. त्या नुसत्या हं म्हणाल्या.

आखणीला लागलेय. माणसानं सांगितलेलं काम मशिनमध्ये ‘अपूर्ण’ म्हणून पडून राहील. त्यानं वाचून ‘मान्य’ दाबलं की पूर्ण. पण मावशी आणि काका कधी दाबणार? त्यांना कामातून मान वर करायला फुरसत नाही. म्हणून मी एक कलम घातलं: आठवड्याच्या मुदतीत हरकत न आल्यास मान्य समजावे. हरकत ज्याची त्यानंच घ्यायची, आणि कारणासकट, नाहीतर लोक उगाच खोड्या काढतात. दुसरी शक्कल म्हणजे मी प्रत्येकाशेजारी कुठवर बसणार? मशिनच विचारेल, मग पुढे? आणि सगळ्याची एक प्रत आमच्या कंपनीच्या मुख्य कचेरीत आपोआप जात राहील, इथं आग लागली तरी अक्षर हरवायचं नाही. माझी मीच पाठ थोपटली.

२४ ऑक्टोबर

शिवणकामाला प्रोग्रामर आलाय. चष्म्याच्या काचा बाटलीच्या बुडाएवढ्या, म्हणून मी त्याला ढापण्या म्हणते, तोंडावर. तो मला काकू म्हणून वचपा काढतो. पण हात काय चालतात त्याचे! बोटं बघत राहावं. माझं कलम वाचून म्हणाला, काकू, ही मुदतीची भानगड कशाला, एखाद्याला राहून गेलं तर? मी म्हटलं, तू शिव, आखायचं मी बघते.

८ नोव्हेंबर

घालून बघायला सुरुवात. दृष्ट लागावी असं बसलंय. मशिन मावशींना विचारतं, मावशी सांगतात, ढापण्या टाईप करून देतो, मशिन पुन्हा विचारतं. आज मावशींनी पदराला हात पुसून ‘मान्य’ दाबलं आणि लाजल्या. मागोमाग काकांनी. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. ढापण्यानंही चाचणी म्हणून आपलं एक काम भरायला घेतलंय.

१० नोव्हेंबर

मावशींना काय झालंय कळत नाही. चादर हातात घेऊन उभ्याच. रक्ताचा एवढा मोठा डाग, आणि मला विचारतात की हे काय असतं हो? मला वाटलं थट्टा करतायत. मी म्हटलं, रक्त आहे मावशी, थंड पाण्यात टाका. लगेच टाकली. पुढची चादर उचलली आणि पुन्हा उभ्या. सांगितलं की करतात, न सांगता हात उठत नाही. डोळ्यांत पाणी आणून म्हणाल्या, बाई, माझ्या हातांना आठवत नाही. मी म्हटलं, वय झालं, विश्रांती घ्या. बोलले खरी, पण मनाला चुटपूट लागली.

१२ नोव्हेंबर

आज वाचलो. बॉयलरचा आवाज जाड व्हायला लागला तो मला, बाहेरच्या बाईला, कळला. काका समोर स्टुलावर शांत बसलेले, काटा लाल पट्ट्यात. मी किंचाळले, झडप! त्यांनी माझ्याकडे बघून विचारलं, कुठली? मी म्हटलं, लाल चाक, मनगट वळेल तेवढं सैल. त्यांनी उठून बरोबर तेवढंच केलं. नंतर दोन्ही हात उलटेपालटे करून बघत राहिले.

मालकीणबाईंना सांगितलं. त्यांनी खांदे उडवले. मशिनला येतंय ना सगळं, मग झालं तर. सोमवारपासून झडपासुद्धा मशिनच फिरवणार आहे.

१६ नोव्हेंबर

दोघांना घरी बसवलं. मावशी जाताना माझ्या पाठीवरून हात फिरवून गेल्या, रागसुद्धा नाही.

बाबा दिवसभर एकटे असतात, मी येते ती दमून येते आणि जेवून आडवी होते. म्हणून ढापण्याकडून घरी एक मशिन जोडून घेतलं, कारखान्याला तारेनं बांधलेलं. मला घरून काम करता येईल, बाबांचाही वेळ जाईल. बाबांनी आपला नमुना पडद्यावर बघितला आणि काय ऐट! जुन्या बसची घंटी वाजवावी तसं टणकन ‘मान्य’ दाबलं. टाईप करायला दोन बोटं पुरतात म्हणाले.

१८ नोव्हेंबर

बाबा घरी आलेच नाहीत. पाव आणायला गेले ते गेलेच. वाण्याचा निरोप आला तशी मी कारखान्यातून धावत सुटले. दुकानाच्या पायरीवर बसलेले, पिशवी मांडीवर, दूध तापून नासलेलं. सकाळपासून बसले होते. मला बघून हसले, म्हणाले, साहेबीण, इथवर बरोबर आलो बघ, पण इथून पुढे काय करतात तेच सुचेना. हात धरून आणलं. पिशवी या हातातून त्या हातात घेतली नाही, खिडकीतल्या बाईकडे बघितलं नाही. आपलं दार आल्यावरही सरळ पुढे चालत राहिले.

डॉक्टर म्हणाले, वय. सगळे मेले वयच म्हणतात!

२० नोव्हेंबर

आजपासून कारखाना पूर्ण मशिनवर. पेढीवरची माणसं सोडली तर आत चिटपाखरू नाही. चादरी आपापल्या वाटेनं जातात, झडपा आपापल्या फिरतात. मुख्य कचेरीतल्या साहेबांचा फोन आला, शाबासकी दिली. मी बाबांना बाहेर पडायची बंदी केलीय. ते म्हणाले, चालेल, मला सोबत आहे. मी म्हटलं, कुणाची? पडद्याकडे बोट दाखवलं. म्हणाले, हा किती ऐकून घेतो गं. तुझ्यासारखी घाई नाही त्याला.

लागलं मला. खोटं कशाला बोलू.

२३ नोव्हेंबर

दुपारी जेवायला घरी गेले. बाबा ताटासमोर, तोंडात घास, गाल फुगलेले, आणि डोळे असे माझ्याकडे लागलेले. मला वाटलं ठसका लागला. पाठीत थापट्या मारल्या, काही नाही. मग तोंडातून गेलं, गिळा बाबा! गिळला. दुसरा घास तोंडात, पुन्हा तसेच. गिळा. गिळला.

मी उभीच होते. मावशी, काका, बाबा. सगळ्यांनी सांगितलं. सगळ्यांनी ‘मान्य’ दाबलं. पूर्ण सांगून झालं की माणसात राहत नाही ते. तिकडे जातं.

मी घेतलेलं माप नव्हतं ते. मी अंगावरचं काढून घेत होते.

घरच्या मशिनची तार उपटली. बाबा लहान मुलासारखे रुसले.

२४ नोव्हेंबर

कारखान्यात जाऊन बाबांचं सगळं छापून घेतलं. देवा. एवढं बोलले? बटण लावणे. दाढी करणे. जिना उतरणे. वाचणे. घास गिळणे. सगळ्यांपुढे मान्य, मान्य, मान्य. प्रत्येक उत्तराखाली तोच प्रश्न, मग पुढे? मग पुढे? आणि बाबा सांगतायत, खुशीत, मधेमधे विनोद करतायत. बसमधले, आईचे, माझ्या लहानपणचे. मला कधी सांगितले नाहीत. मी कधी विचारले नाहीत.

पुसून टाकावं म्हणून हात उचलला आणि तसाच राहिला. पुसलं तर जाईल कुठे? बाबांत तर नाही आता. जगात एवढ्या एकाच ठिकाणी आहे.

शेवटचं काल सकाळचं. श्वास घेणे. हे अपूर्ण आहे. अपूर्ण! अर्ध्यातच बाबा जेवायला उठले असणार. हुश्श झालं. ‘मान्य’ दाबलेलं नाही.

मग खाली मुदत दिसली. तीस तारीख. हरकत न आल्यास मान्य समजावे.

माझंच कलम.

२५ नोव्हेंबर

ढापण्याला गाठलं. म्हटलं, ते कलम काढ, आत्ताच्या आत्ता. तो कीबोर्डकडे बघत बसला. मग चष्मा काढून रडायलाच लागला. चाचणी म्हणून त्यानं भरलेलं काम कुठलं, तर प्रोग्राम लिहिणे. पूर्ण भरलं. मान्य दाबलं. लाजेनं इतके दिवस कुणाला बोलला नाही. नुसता यायचा आणि बसून जायचा.

त्याचं छापून घेतलं, मोठ्यानं वाचायला लागले. सांगितलं तसं करतो बिचारा. पण एका ओळीला अर्धी सकाळ गेली आणि कागदाचा गठ्ठा माझ्या गुडघ्याएवढा.

२६ नोव्हेंबर

हरकत घ्यायची. ज्याची त्यानंच घ्यायची ना? बरं. तार पुन्हा जोडली. बाबांचं बोट धरून ‘हरकत’वर ठेवलं, दाबलं. पडद्यावर आलं, कारण स्वतःच्या शब्दांत सांगा. बाबांना वाचता येत नाही आता, मी वाचून दाखवलं. ते म्हणाले, अरे वेड्या, श्वासाशिवाय माणूस जगेल कसा. मी तेच लिहिलं. पडद्यानं विचारलं, मग पुढे?

आणि बाबा सुरू झाले, मी लिहीत गेले. हवा नाकातून येते, इथपर्यंत भरते, बरगड्या अशा उघडतात, मग— मी त्यांच्या तोंडावर हात दाबला. हरकतीत जात नव्हतं ते! ‘श्वास घेणे’खालीच जमा होत होतं. एकेक ओळ वाढत होती.

तार तोडली. कात्रीनं.

बाबा विचारतात, माझं काही चुकलं का. नाही हो बाबा. तुमचं काही नाही.

२७ नोव्हेंबर

साहेबांना फोन केला. सगळं सांगितलं, रडत. ते शांतपणे म्हणाले, कलम तुम्हीच घातलंय बाई, गिऱ्हाईक खूश आहे, तुम्ही रजा घ्या.

कारखान्यातल्या मशिनचं घड्याळ मागे केलं. बघता बघता आपोआप पुढे आलं. मुख्य कचेरीतली प्रत ते सरळ करते. प्रत हवी म्हणून हट्ट कुणी धरला होता? हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय.

२८ नोव्हेंबर

मुख्य खटका खाली ओढला. अंधार, आणि बॉयलर किंचाळायला लागला. झडप फिरवायला एक माणूस नाही. लोक रस्त्यावर पळाले. मलाच खटका परत वर करावा लागला. मालकीणबाईंनी दंडाला धरून फाटकाबाहेर काढलं, पुन्हा पाऊल टाकायचं नाही म्हणाल्या. बंद राहिला असता तरी काय? तिकडची प्रत चालूच.

२९ नोव्हेंबर

बाबांना घेऊन मोठ्या इस्पितळात गेले. छाती तपासली, फोटो काढला. फुप्फुसं ठणठणीत, म्हणाले. उद्या बंद पडतील असं सांगितलं तर माझ्याकडेच बघायला लागले. पलंग अडवायला आजार दाखवा म्हणाले. परत आणलं.

बाबांना कळलंय. मी काही सांगितलं नाही, तरी. माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, साहेबीण, एवढी घाबरतेस कशाला, तू आहेस ना.

मी आहे. मी एकटीच आहे. मला भीती वाटते.

३० नोव्हेंबर

सकाळ. बाबा खुर्चीत. श्वास चालू. मी छातीकडे बघत बसलेय. चालू.

दुपार. चालू. कदाचित काही होणारच नाही. कदाचित मी वेडी—

थांबला

घ्या म्हटलं. घेतला. सोडा म्हटलं. सोडला. आपणहून नाही. एकही नाही. मी गप्प बसले की नजर माझ्यावर खिळते आणि ओठ निळे पडायला लागतात.

घ्या. सोडा.

ही देखभाल.

१ डिसेंबर

लिहितेय तोंड चालू ठेवून. तोंड त्यांचं, हात माझा. कालपासून पाणी नाही प्यायले. एक घोट गिळायचा म्हणजे एक श्वास चुकतो. घसा बसलाय. ऐकू जातंय अजून, जातंय.

शेजारणीनं आवाज ऐकला, दार वाजवलं. कागदावर लिहून दिलं, मावशींना बोलवा, धुलाईतल्या निवडणाऱ्या मावशींना. त्या करतील. सांगितलेलं त्या करतील. ती मान हलवून गेली. मावशींऐवजी डॉक्टरांना घेऊन आली.

डॉक्टरांनी विचारलं, काय होतंय. काय सांगू? सांगायला तोंड उघडलं तर बाबांचं कोण म्हणणार? घ्या सोडा घ्या सोडा. हाताने लिहून दाखवलं, मी थांबले की ते मरतील. त्यांनी वाचलं. बाबांची नाडी बघितली, उत्तम आहे म्हणाले. शेजारणीला म्हणाले, दोन दिवस झोप नाही, डोक्यावर परिणाम झालाय. सगळे माझ्याकडेच, कुणी बघितलं का बाबांच्या डोळ्यांकडे

माझा दंड धरला शेजारणीनं. नको नको म्हणायलाही वेळ— नको म्हणू की घ्या म्हणू? घ्याच म्हटलं. त्यांनी सुई टोचली.

छान झोप लागेल म्हणाले. गेले.

शेजारीण मावशींकडे गेलीय आता. खरंच गेलीय का

पापण्या जड. चिमटे काढतेय. बाबांनी माझा हात धरलाय. घट्ट आहे हात. तो कसा धरायचा हे नाही सांगितलं वाटतं त्या मशिनला.

बाबा मी जागी आहे. आहे

दार उघडं ठेवलंय. कुणीही या. कुणीही. हे पान उचला आणि बाबांच्या कानाशी मोठ्यानं वाचा. मनात नको, मोठ्यानं. दमानं. संपलं की परत वरून. मी उठेपर्यंत थांबू नका, मी उठेन, मी लगेच—

घ्या. सोडा.

घ्या. सोडा.

घ्या. सोडा

घ्या